काचेवरची लॅटिन यादी

आमच्या कोळीवाड्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम., सेकंड क्लास. हे मी आजही न लाजता सांगतो. पुढचं सांगायला मात्र मला फार वर्षं लागली.

बँकेची परीक्षा दोनदा हुकली तेव्हा नौपाड्यातल्या एका कॅसेटच्या दुकानात लागलो. इंग्रजी वाचता येतं म्हणून शेठने परदेशी कॅसेटींचं कपाट माझ्याकडे दिलं. नव्वदीचं दशक संपत आलेलं, लॅटिन, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडच्या स्पॅनिश गाण्यांची हवा सुरू झालेली. शेठचा मेहुणा जहाजावर होता. तो परदेशी मासिकांची कात्रणं आणायचा, वर्षभरात सर्वांत जास्त खपलेल्या लॅटिन अल्बमची यादी. आमच्या हातात पडेपर्यंत ती शिळी झालेली असायची, तरी मी ती मार्करने मोठ्या अक्षरांत उतरवून काचेवर चिकटवायचो. त्या भाषेचं अक्षर मला कळत नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा मात्र सगळं कळल्यासारखा बोलायचो.

माझा थोरला भाऊ चौथी शिकलेला. खाडीचं पाणी काळं झालं, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा त्याने होडी विकून बेंजो पार्टी काढली. बेंजो, की-बोर्ड, ढोलकी, ताशा, मिळून सहा माणसं. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. धवलारीण लग्नाची गाणी म्हणून उठली की मांडवात बेंजो बसतो आणि गाव नाचतं. दादाचं घर हळदीच्या सुपाऱ्यांवर चालायचं. पण त्या वर्षी सुपाऱ्या कमी झाल्या. लोक भाड्याने मोठे स्पीकर आणून कॅसेटीच लावायला लागलेले.

"तू शिकलेला," दादा मला म्हणाला. "सांग ना, काय वाजवू? आपली गानी तर त्यांच्या कॅसेटीत पन हायेत."

मी यादीतली पहिली कॅसेट घरी नेली, तिच्यातलं गाजलेलं गाणं लावलं. "हे वाजव. तिकडे वर्षभर एक नंबरला होतं."

त्याने डोळे मिटून दोनदा ऐकलं. "ठेका तर आपलाच हाय रं. कोली हायेत काय हे लोक?"

"असतील. समुद्र त्यांच्याकडेही आहे."

चार दिवसांत त्याने ते बेंजोवर बसवलं आणि माजिवड्याच्या एका हळदीत वाजवलं. आधी सगळे थबकले. मग नवऱ्याची सत्तरीची आत्या पदर खोचून मधे उतरली आणि अख्खा मांडव नाचायला उठला. तीनदा तेच वाजवायला लावलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. माझा निकाल लागला त्या दिवशीही त्याने असं पाहिलं नव्हतं.

आणि मी माइक घेतला.

माइकवरून फर्माईश कोणाची, पाहुणे कुठले, हे सांगायची आमच्यात पद्धतच आहे. मी म्हणालो, "मंडळी, हे गाणं परदेशातल्या यादीत एक नंबरला होतं. ओरिजिनल कॅसेट नौपाड्यात आमच्या दुकानात मिळेल." मला कोणी विचारलं नव्हतं. बेंजोवाल्याचा भाऊ ग्रॅज्युएट आहे, त्याला जगातलं कळतं, एवढंच मला दाखवायचं होतं. टाळ्या पडल्या.

सोमवारी त्या नवऱ्याचा चुलतभाऊ दुकानात आला. "तुमच्या दादानं वाजवलं ते द्या." मग दिवा गावाहून कोणी, डोंबिवलीकडून कोणी. मी हौसेने विचारायचो, कशासाठी? "हलद हाय." मी कॅसेट पिशवीत घालून द्यायचो. बी.कॉम. झालेल्या माणसाला यातलं गणित कळायला दीड महिना लागला. तोवर दादाला नेहमी सुपारी देणारं दिव्यातलं एक घर त्याला म्हणालं होतं, "काका, तुमी वाजवता ते आमच्याकडं ओरिजिनलच आलंय."

शेठला म्हटलं, ही कॅसेट आता मागवू नका.

"पागल झालास काय? तीच तर चालतेय."

ढोलकीवाला एका सोसायटीत वॉचमन झाला, ताशावाला रिक्षा चालवू लागला. दादाचा बेंजो खुंटीला गेला. मी दुकानात तीच कॅसेट विकत राहिलो.

वर्ष संपताना शेठ म्हणाला, या वेळी आपल्या दुकानाचीच यादी लाव, वर्षभरात इथे खपलेल्या लॅटिन कॅसेटींची. मी लिहिली, काचेवर लावली. त्याच आठवड्यात दादा पहिल्यांदा दुकानाची पायरी चढला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

"ह्यात आपलं कुठं हाय?"

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजे पयले आलो आपन."

मला वाटलं टोमणा मारतोय. चेहरा पाहिला. टोमणा नव्हता, त्याला खरंच बरं वाटलं होतं. टोमणा असता तर सोसला असता.

मग तो म्हणाला, "एक दे. बायचं लगीन ठरलंय, हलदीला लागंल." बाय म्हणजे आमची धाकटी बहीण.

"दादा, तू वाजव ना."

"एकट्या बेंजोवर कोन नाचतंय रं?"

शेठ बघत होता. मी कॅसेट पिशवीत घातली, इतरांना घालून द्यायचो तशीच.

आमच्या अंगणात बहिणीच्या हळदीला ती कॅसेट वाजली. माणसं नाचली, मलाही ओढून नेलं. दादा स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसला होता. कॅसेट संपली की बाजू उलटायचं काम त्याच्याकडे दिलेलं.