सेन्सरवरचं लाल टोपण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. गंगाखेडला माझा सत्कार झाला — कोरड्या मुलखातला पोरगा समुद्राचा शास्त्रज्ञ झाला म्हणून — तेव्हा नारळ हातात घेऊन मी हसत उभा होतो. किळस येते त्या हसण्याची.

शिवकांता सोनपेठची. पीएच.डी.ला आमच्या प्रयोगशाळेत आली, मला दादा म्हणायची. अरबी समुद्रात आम्ही एक उपकरण वर्षभरासाठी नांगरून ठेवलं. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ कधी फुलतं, कधी ओसरतं, हे त्याचा सेन्सर मोजणार होता. तिचा सगळा प्रबंध त्यावरच. सेन्सर तपासला तिनं. पाण्यात सोडताना सेन्सरच्या काचेवरचं लाल टोपण काढायचं काम माझं — फक्त माझं. बोट हलत होती, मी ओकत होतो... नको, ती सबब होईल. मी टोपण काढलं नाही. बस.

वर्षानं उपकरण वर आलं, शिंपल्यांनी लगडलेलं. शिवकांता पलीकडं दोर ओढत होती. माझा हात आधी पोचला. शिंपल्यांखाली टोपण — जागच्या जागी! उपटून खिशात घातलं. पण आतली काच? नवीकोरी. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. म्हणून काचेवर बुळबुळीत घाण चोळली. याच अंगठ्यानं. घाबरलेला माणूस एवढं नीट काम करतो का? मी केलं.

आलेख म्हणजे एक सरळ रेघ. मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तपासणी कुणाची?"

"शिवकांताची," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा — हाच तर हरामीपणा! तिनं मान खाली घातली. फेलोशिप संपली, प्रबंध राहिला, ती गावी परतली. मी पुढच्या सफरीवर गेलो.

परवा सोनपेठच्या बाजारात गेलो होतो. भावाच्या किराणा दुकानात ती बसलेली. एका म्हाताऱ्याची साखर तिनं तोलली, उतरवली, पुन्हा तोलली.

"आक्का, साखर हाय का सोनं?" म्हातारा वैतागला. "माझी गाडी जायलीय!"

"थांबा हो मामा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई मला." मग मला बघून उठलीच. "दादा! या, बसा."

म्हातारा साखर घेऊन गेला. चहा आला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "त्या मशीनचं अजून मनातून जात न्हाई, दादा. माझ्यापायी तुमचंबी वर्ष वाया गेलं."

आता तरी बोलायचं ना? दुकानात आम्ही दोघंच होतो. कोण अडवत होतं मला?

"जाऊ दे गं," मी म्हणालो. "चुकतं माणूस. मी कधीच मनात ठेवलं नाही."

तिनं डोळ्याला पदर लावला. लय हलकं वाटलं म्हणाली.

माफ केलं मी तिला. मी — तिला.