पेन्सिल उचलायची नाही

गणिताच्या लोंग्वे सरांना खुर्चीवर टेकलेलं मी एकोणीस वर्षांत चारदा पाहिलं असेल, आणि त्यातही दोनदा ते तापाने फणफणले होते. एरवी माणूस म्हणजे भिंगरी. मी भूगोल शिकवते, मला शिक्षकांच्या खोलीत जमिनीवर नकाशे पसरावे लागतात, आणि हा बाबा चहाचा कप घेऊन खिडकी ते दार फेऱ्या घालणार!

"अहो सर, आख्खा मोझांबिक तुडवलात!" मी ओरडायची.

"माफ करा, मॅडम," म्हणायचे, आणि परत येताना झांबिया तुडवायचे.

मलावीतल्या न्खाता बेच्या आमच्या शाळेत सकाळी मुलं बसतात आणि दुपारी त्याच बाकांवर मोठी माणसं. दुपारच्या वर्गात बायाच जास्त. त्यांतली एक न्याचिर्वा. तीन लेकरांची आई. सकाळभर तळ्याकाठी मांडवांवर उसिपाची बारीक मासळी वाळत घालायची आणि लिंबाने हात चोळून वर्गात यायची; तरी वास यायचाच. तिला नर्स व्हायचं होतं. बाकीचे विषय सुटले होते, गणितात दोनदा आपटली होती. नर्सिंग कॉलेज पस्तिशीपुढच्या बाईला घेत नाही आणि हिला चौतिसावं सरत आलेलं. म्हणजे या खेपेला गणित सुटलं तर सुटलं, नाहीतर जन्मभर मासळी.

सर आलेख शिकवत तेव्हा मी दारात उभी राहून बघायची. दोऱ्याला कसाव्याचं पीठ चोळायचं, दोघींनी दोन टोकं फळ्यावर दाबून धरायची, सरांनी मधून ताणून सोडायचा. टण्णकन पांढरी रेघ! अशा आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी तयार. मग खडूने आलेख. आणि त्यांचा एक नियम होता, तो आमच्या कोंबड्यांनाही पाठ झाला असेल: "पेन्सिल उचलायची नाही! उचललीत तर बोटं मोडीन!"

त्याला कारण होतं. बाया एकेक बिंदू जोडताना थांबत, रेघ तुटक, केसाळ होई, परीक्षक गुण कापत. सरांनी सगळ्यांना एका दमात वळण काढायला शिकवलं. न्याचिर्वा तर मासळी वाळेपर्यंत वाळूत काटकीने वळणं काढत बसायची. शेजारणी म्हणायच्या, "हिला कुणीतरी करणी केलीय गं!"

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा सरांनी व्यस्ताचा आलेख काढला. फळ्यावर आधी 'क्ष वजा दोन'ची सरळ रेषा मारली.

"आता प्रत्येक उंची उलटी करा. दोन असेल तिथे अर्धा. अर्धा असेल तिथे दोन. एकाचा एकच राहतो. उणे असेल तर उणेच राहतं."

"आणि शून्य असेल तिथे?" न्याचिर्वाने विचारलं.

"क्ष दोन असताना? एकाला शून्याने भागशील कशी? तिथे बिंदूच नाही. ते कसं काढायचं ते उद्या बघू," म्हणून सर नुसते बिंदू मांडून निघाले, कारण घंटा झाली होती आणि त्यांचा पाय आधीच दाराबाहेर होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुखियाची आई वारली. आमच्याकडे मयत असली की शाळा बंद, सगळे तिकडे. दोन दिवस गेले. परतल्यावर सरांनी घाईघाईत पुढचा धडा घेतला, दोनपाशी काय करायचं ते राहूनच गेलं. मलाही आठवलं नाही, मग मी कुठल्या तोंडाने बोलू?

परीक्षेला राखण करायला दुसऱ्या शाळेचे मास्तर आणि फाटकावर पोलीस. आम्हाला कुंपणाच्या आत पाऊल टाकता येत नाही. सर फाटकाबाहेरच्या आंब्याखाली येरझारा घालत होते. मी म्हटलं, "बसा हो, मलाच चक्कर येतेय." ऐकतील तर शपथ.

अकराला न्याचिर्वा धावतच बाहेर आली.

"सर, आला! व्यस्ताचा आलेख आला! तुमचाच, क्ष वजा दोनचा!"

"मग? दोनपाशी काय केलंस?"

"काय म्हणजे? पेन्सिल नाही उचलली! खालून आणली ती एका दमात वर चढवली. अशी गुळगुळीत, सर, बघत राहाल! आम्ही सगळ्यांनीच तसं काढलं."

तिच्या मागोमाग आलेल्या वर्गातल्या आठही जणी हसत माना डोलवत होत्या.

सरांचा चेहरा राखेसारखा झाला. मी मनात म्हटलं, गप्प बसा हो, उद्या गणिताचाच दुसरा पेपर आहे, आज तरी तिला आनंदात राहू द्या. पण तो माणूस कसला गप्प बसतोय!

"न्याचिर्वा, ते चुकलं. दोनच्या अलीकडची फांदी वेगळी, पलीकडची वेगळी. मध्ये पेन्सिल उचलायचीच. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे."

न्याचिर्वाचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. घातल्याच तिने. "तीन वर्षं! तीन वर्षं मी तुमचं ऐकून बोटं झिजवली! माझं सगळं या एका विषयावर अडलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मग तिने नाक पुसलं आणि पिशवीतून वही काढून सरांच्या छातीवर दाबली.

"पेपर उद्या सकाळी आठला आहे. आणखी काय काय अर्धवट सांगितलंय तुम्ही? पहिल्या पानापासून बघायचं. आत्ता. इथे."

आठही जणी तिथेच आंब्याखाली बसल्या. सरांनी वहीचं पहिलं पान उघडलं, खिशातून लाल पेन काढला आणि तो न्याचिर्वाच्या हातात दिला.

"मी वाचतो," ते म्हणाले, "खुणा तू कर."