उसातून सोडवलेला अर्धा एकर

अडीच एकरांतला अर्धा एकर उसातून सोडवून घ्यायला मला चार वर्षं लागली. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, उसाशिवाय दुसऱ्या कशाला पीक म्हणायलाच तयार नव्हते. भाजीपाला म्हणजे त्यांच्या लेखी बायकांची करमणूक. मीही काही कमी चिवट नव्हते. रोज जेवायला वाढताना तोच विषय काढायचे. शेवटी एके दिवशी अर्ध्या जेवणातून उठून ते म्हणाले, कर बाई तुझ्या मनासारखं, पण एक जरी पीक गेलं तरी तिथं पुन्हा ऊस.

वांगी, टोमॅटो, गवार, मिरची. कडेनं झेंडू, गोठ्यामागं वीसेक गावरान कोंबड्या. हे सगळं मला शिकवलं बांधापलीकडच्या चाचीनं. तिच्या घरात आधीपासून उसाबरोबर भाजीही चालत आलेली. रोपं कशी टाकायची, कधी उचलायची हे तिनं मला हाताला धरून दाखवलं आणि बेलापूरच्या आठवडे बाजारात आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली. गिऱ्हाईक आलं की आधी माझी वांगी पुढं सरकवायची, मग स्वतःची. हळूहळू गावातल्या बायकाही सकाळी थेट वावरात येऊन भाजी नेऊ लागल्या. वर्षभर छान चाललं होतं. नाना कौतुकाचा एक शब्द बोलत नव्हते, पण भाजी मात्र दोनदा मागून घ्यायचे.

आणि मग ती सकाळ. वावरात पाय टाकला नि बघतच राहिले. टोमॅटोचे शेंडे पिळवटून खाली वळलेले, मिरचीची पानं दोऱ्यासारखी बारीक झालेली, वांग्यांनी माना टाकलेल्या. एक झाड धड नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी मी निंबोळी अर्क फवारला तेव्हा सगळं हिरवंगार होतं. मी मटकन सरीतच बसले. 

त्याच आठवड्यात चाचीच्या नवऱ्याला त्यांच्या उसात तणनाशक मारताना मी पाहिलं होतं. झालं! माझं डोकं आधीच तापट. तशीच तिच्या दारात गेले आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकतील अशा आवाजात नाही नाही ते बोलले. बाजारात माझा माल खपतो हे तुझ्या डोळ्यांत खुपलं, इथपर्यंत माझी मजल गेली. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

चाचीनं चप्पल पायात सरकवली आणि माझ्या पुढं चालत वावरात आली. पानं उलटून पाहिली. वाऱ्यानं औषध आलं असतं तर बांधालगतची झाडं जास्त गेली असती, इथं तर सगळी सारखीच गेलीत, असं म्हणाली. मग तिनं विचारलं, फवारलं कशानं? माझा पंप गळत होता, म्हणून शेडमधला उसाचा पंप घेतला होता, दोनदा पाण्यानं विसळून. तिनं तो आणायला लावला, झाकण काढून वास घेतला आणि पंप माझ्या नाकाशी धरला.

"उसातलं तणनाशक हाय ह्यात. नुसत्या पान्यानं जात न्हाई ते. उसाला काय व्हत न्हाई, भाजी जागेवर मरती."

म्हणजे मीच. माझ्याच हातानं, झाडन् झाड.  माफी मागायला हवी होती, पण तोंड उघडेपर्यंत ती बांध ओलांडून गेलीसुद्धा. मला वाटलं, तुटलं हे कायमचं.

थोड्या वेळानं नाना विहिरीकडून आले. वावर बघून जागीच थांबले. आता उसाचं बेणं आणायला सांगणार, अशा भीतीनं मी सगळं आधीच सांगून टाकलं. पंप माझ्या हातचा, चूक माझी, चाचीला उगाच वाट्टेल ते बोलले.  एवढ्यात चाची परत आली. डोक्यावर रोपांची पाटी, मागं तिचा नवरा दुसरी पाटी घेऊन. स्वतःच्या वावरात लावायला वाढवलेली रोपं होती ती. पाटी उतरवून नानांच्या देखतच ती मला म्हणाली, रान मोकळं ठेवू नको, मोकळं दिसलं की ऊस येतो तिथं.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, आता भडकणार.

"तू पंप भरत हुतीस तवा मी बघत हुतो," ते म्हणाले. "उसाचा पंप हाय, इसळून भागायचं न्हाई, ठाव हुतं मला. हाक मारावी म्हनलं. पन न्हाई मारली."

जिनं काही केलं नव्हतं तिला मी भर रस्त्यात बोल बोल बोलले होते. आणि आता ज्याला बोलायला हवं तो माणूस पुढ्यात उभा होता, तर मी खाली वाकून पाटीतली रोपं सोडवायला लागले. रोज ज्यांच्या ताटात तव्यावरची गरम भाकरी वाढते, ते हे. माझं पीक मरताना बघत बसले होते.

नाना सरीत उकिडवे बसले. टोमॅटोचं एक झाड उपटून बाजूला टाकलं, बोटांनी माती सारली आणि रोपासाठी माझ्यापुढं हात केला.

मी दिलं नाही. चाचीनं दिलं.