दशरथचे बांधलेले हात

नागपूरच्या वृद्धांच्या संस्थेतून फोन आला, तेव्हा दशरथचा मुलगा प्रकाश माझ्याच ओसरीवर बसला होता. त्याने ऐकले, मान हलवली आणि फोन माझ्या हाती दिला. पलीकडची बाई सांगत होती की पेशंट शांतपणे गेले. 'शांतपणे' या शब्दाची मला त्याच क्षणी किळस आली. कारण क्रमाने सांगतो.

दशरथ आणि मी पवनीतल्या एकाच गल्लीत वाढलो. मी शिक्षक झालो, तो वडिलांच्या हातमागावर बसला. मागावरचे कापड संपत आले की नवा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, जुन्या धाग्यांना जोडावे लागतात. एकेक टोक शोधायचे, पिळायचे, पुढे सरकायचे. एकही चुकवून चालत नाही. दशरथ हे काम गप्पा मारत करी. मी शाळेतून येताना दिसलो की म्हणे, "काय मास्तर, आज किती पोट्टे बिघडवले?"

सत्तरीनंतर तो विसरू लागला. आधी नावे, मग घराची वाट. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. प्रकाश तुमसरच्या राईस मिलमध्ये, सून भाताच्या रोवणीला. म्हणून घराला बाहेरून कुलूप लागू लागले. एकदा त्याने माझा पंजा हाती घेऊन निरखला. "तुमी विणकर नाही," तो म्हणाला, "बोटं कोरी आहेत तुमची." माझे नाव गेले होते, पारख शाबूत होती…

आमच्या समाजाचे सभागृह लग्नसराई सोडली तर बंदच असते. तिथे एक माग ठेवावा, अशा वृद्धांना दिवसा बसवावे, मी सांभाळीन, असा लेखी अर्ज मी केला. समाजाच्या बैठकीत अध्यक्षांनी तो उघडलाही नाही. "गुरुजी, पागलायले इथं बसवाचं? मंग लग्नाले हॉल कोण घेईन?" सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी काहींच्या घरी म्हातारी माणसे मागच्या खोलीत कोंडलेली होती, हे मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक होते.

शेवटी नागपूर ठरले. भरतीचा फॉर्म मीच भरला. 'व्यवसाय' या रकान्यात लिहिले, 'निवृत्त'. 'त्रासदायक सवयी' या रकान्यात लिहिले, 'चादरीचे धागे उपसतो'. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. महिन्याने भेटायला गेलो, तेव्हा दशरथचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले होते. मनगटे सोललेली, खोलीत लघवीचा आणि फिनेलचा वास. "तुम्हीच लिहिलंय ना, सर?" परिचारिकेने फॉर्म दाखवला. मी चादर पाहिली. हात बांधले जाण्याआधी कडेचे धागे सुटे करून त्याने एकेक टोक दुसऱ्याला पिळून जोडले होते, ओळीने. तो चादर फाडत नव्हता, ताणा जोडत होता. आमच्या गल्लीतल्या कोणालाही हे दारातूनच कळले असते. त्या बाईला कळण्याचे कारण नव्हते. आणि ज्याला कळायला हवे होते, त्याने 'निवृत्त' लिहिले होते. मी पट्ट्या सोडायला लावल्या. मी निघेपर्यंत हात सुटे होते, पुढचे मला सांगता येत नाही… आठ दिवसांनी तो फोन आला.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. पंखे पुसलेले, फोटोला जाडजूड हार. दशरथभाऊ समाजाचे भूषण होते, असे अध्यक्ष म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी फॉर्मची आणि चादरीची हकीकत सांगितली, आणि खाली बसलो. या वेळी कोणी हसले नाही. कोणी वरही पाहिले नाही. उठताना अध्यक्षांनी माझ्या हाती किल्ली दिली. "कुलूप तेवढं लावून घ्या, गुरुजी."

ती मी परत केलेली नाही. प्रकाशने वडिलांचा माग सुटा करून आणला आणि तिथे उभा केला. आता रोज चार-पाच वृद्ध येतात. परवा अध्यक्ष दारात आले. "किल्ली द्या गुरुजी, शनिवारी लग्न आहे."

"आधी आत पाहा," मी म्हणालो.

मागाजवळ त्यांची आई बसली होती. त्यांची पत्नीच तिला रोज सोडून जाते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हातारीने मान वर केली, मुलाकडे परक्यासारखे पाहिले आणि पुन्हा टोक शोधू लागली.

"चप्पल बाहेर काढा, भाऊ," ती म्हणाली. "धुरळा धाग्याले लागते."