एकाच नावाचे पाच जर्मन

तुमचा बाबा अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. आम्ही दुबईजवळ अजमानला राहायचो. तुमचे आजोबा कंपनीच्या बसने जबल अलीच्या बंदरावर कामाला जायचे आणि मी एका शाळेच्या लायब्ररीत होते. त्या हिवाळ्यात तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या.

तुमच्या बाबाला त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती. पहिल्याच आठवड्यात तो स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "आई, आजी डझन्ट नो माय नेम."

"माहीत आहे रे तिला."

"मग ती बाळ का म्हणते? वॉचमनच्या मुलाला पण बाळ म्हणते. आय वाँट हर टू से इट. वन्स."

मी त्याला समजावलं. त्याच्या जन्माआधी वर्षभर त्याचे आजोबा गेले, म्हणून त्यांचंच नाव त्याला ठेवलं. सासूबाईंनी ते नाव लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी नवऱ्याचं नाव तोंडात येऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्याला हे पटलं नाही. नाव त्याचं होतं, आणि आजी परत जायच्या आधी त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्याच सुमाराला त्याला इतिहासाचा प्रोजेक्ट मिळाला, युरोपातला एक राज्यकर्ता. त्याने एक जर्मन राजा निवडला, कारण नावात इंग्रजी चारच अक्षरं होती आणि उलटं वाचलं तरी तेच, त्यामुळे स्पेलिंग चुकायची भीती नव्हती. माहितीसाठी तो माझ्या कॅटलॉगकडे आला. तो कॅटलॉग मी स्वतः केला होता. लाकडी खण, टाइप केलेली कार्डं, एका नावाला एक कार्ड. माझ्या नीटनेटकेपणाचा मला फार अभिमान होता. त्या नावाच्या कार्डावर पाच पुस्तकांतली पानं नोंदवली होती. त्याने पाचही पुस्तकं काढली, मन लावून निबंध लिहिला आणि मुखपृष्ठावर मुकुट रंगवला.

वही परत आली तेव्हा बाईंनी समासात लाल शाईने विचारलं होतं, हा माणूस किती वर्षं जगला? मी वाचून पाहिलं. तुमच्या बाबाचा राजा लहानपणीच गादीवर बसला, मग बिशप झाला, मग त्याला मुलं झाली, आणि एकूण तीनशेहून जास्त वर्षं त्याने राज्य केलं. वर्गात मुलं हसली होती. चूक त्याची नव्हती. एका नावाची पाच निराळी माणसं मी एकाच कार्डावर बसवली होती.

"सॉरी," मी म्हटलं. "ही माझी चूक आहे. आपण दोघं मिळून दुरुस्त करू."

गुरुवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडली. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. आमचा गोंधळ त्यांनी थोडा वेळ ऐकला.

"अगं, प्रत्येकाच्या बापाचं नाव लाव की पुढे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे तसंच नाही का करत?"

उपाय चांगला होता, पण यातल्या एका सम्राटाच्या बापाचं नाव तेच निघालं, आणि त्याच्या आजोबांचंही.

"म्हणजे आमच्या घरासारखंच," सासूबाई म्हणाल्या. "मग हाक मारताना काय करत असतील त्या बायका?"

तुमच्या बाबाने पुस्तकातून शोधून काढलं. सम्राट तिघे, त्यांना पहिला, दुसरा, तिसरा. बाकीच्या दोघांना वेगळी ओळख. बिशपला त्याच्या गावावरून ओळखत. आणि एक सरदार मोठा झाला, लेकरांचा बाप झाला, तरी लोक त्याला 'मूल'च म्हणत.

"बघ, त्यांच्यातही बाळ होता," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. "पण त्याचं नाव लोकांना घेता येत होतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याने पूर्ण मराठीत म्हटलं, आजीला कळावं म्हणून. मग पुस्तकं उचलून तो आत गेला.

सासूबाई मेथीच्या काड्या गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "उखाणा सवाष्णीने घ्यायचा असतो गं."

मी कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकले, घरात सगळ्यांसमोर तुमच्या आजोबांना नावाने हाक मारायचे, आणि त्यावर सासूबाईंनी कधी एक शब्द काढला नव्हता. आता मी त्यांना काय शिकवणार होते?

त्या निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरत होत्या. तुमचा बाबा खजुराचे डबे त्यांच्या हातात देत होता. मी दारात होते. शेवटचा डबा घेतल्यावर त्यांनी त्याला समोर उभं केलं, पदर सारखा केला, आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या:

"एका नावाचे पाच राजे, कोण कुठला कळेना,
— माझा नातू, त्याच्यावाचून करमेना."

रिकामी जागा आहे तिथे त्यांनी नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही; तुम्हाला माहीतच आहे. घेताना आवाज जरा खाली गेला, पण नाव स्पष्ट ऐकू आलं.

तुमच्या बाबाने शाळेत हजेरी द्यावी तसं ताठ उभं राहून म्हटलं, "यस, आजी."

त्याचे कान लाल झाले होते. सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"वन्स मोअर," तो म्हणाला.

"खलास," सासूबाई म्हणाल्या. दोन महिन्यांत खालच्या दुकानदाराकडून 'बास झालं' अशा अर्थाचा हा एक अरबी शब्द त्या शिकल्या होत्या. "चल, बस या बॅगेवर. चेन लागत नाहीये."

तो बॅगेवर चढून बसला, आणि त्यांनी त्याच्या पायांभोवतून चेन ओढत आणली.