सरांवर नेम धरू नये

गॅसवर चालणारी महागडी रायफल घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नावर मी एकदा नऊ पानांचे टिपण लिहिले होते. ते कोणालाही दाखवले नाही. दाखवावे असे कोणी नव्हते, हे एक कारण. दुसरे असे की चव्वेचाळीस वर्षांच्या, नांदेड आणि लातूर अशा दोन गावांत फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने खेळण्यातल्या बंदुकीसाठी तक्ते आखावेत, हे मलाच शोभेसे वाटत नव्हते. टिपणाचा निष्कर्ष ‘घ्यावी’ असा होता. तो ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावा बनावट निघाला, आणि बनावट करणारी मंडळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत होती.

आधी खेळ सांगतो. त्याला एअरसॉफ्ट म्हणतात. तुरीच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे गोळे मारणाऱ्या बंदुका घेऊन दोन बाजू पिंपांच्या आणि पोत्यांच्या आडून एकमेकांना टिपतात. तोंडावर जाड मुखवटा असतो. गोळ्याचा डाग पडत नाही, त्यामुळे कोणाला लागले हे बाहेरून कळत नाही. ज्याला लागते त्यानेच हात वर करून ‘लागली’ म्हणायचे आणि चालू लागायचे. सबंध खेळ माणसाच्या सचोटीवर चालतो. आमच्याकडे सोसायटीची निवडणूकसुद्धा एवढ्या विश्वासावर कोणी घेत नाही.

यातली साधी रायफल स्प्रिंगची. दर गोळ्यामागे खटका हाताने मागे ओढावा लागतो, आणि आवाज डब्याचे झाकण उघडल्यासारखा येतो. महागडी असते ती गॅसची. चाप ओढला की गॅस गोळ्याला पुढे ढकलतो आणि त्याच दमात बोल्टला मागे. खऱ्या बंदुकीसारखा खांद्याला हिसका बसतो. त्या हिसक्याची किंमत माझ्या क्लासमधल्या दोन विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या फीइतकी होती.

मला तो हिसका का हवा होता, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल, आणि तिथे माझी फारशी शोभा नाही. भूकंपाच्या वर्षी मी औशाच्या शाळेत होतो आणि एन.सी.सी.त होतो. रायफलीचे भाग, नेम धरण्याची पद्धत, श्वास कुठे रोखायचा, हे सगळे मला पाठ होते. लेखी परीक्षेत मी पहिला आलो होतो. प्रत्यक्ष गोळी झाडण्याचा दिवस ठरला, आणि त्याच्या आधीच जमीन हलली. किल्लारीच्या बाजूने जे ऐकू येत होते त्यापुढे शब्द उरत नव्हते. शाळेच्या मैदानात मदतीचे पत्रे, कपड्यांची गाठोडी, धान्याची पोती येऊन पडली. मोठी माणसे रडत होती आणि मी त्या पत्र्यांच्या थप्पीकडे पाहून मनात म्हणत होतो, आता फायरिंग कुठे घेणार? ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. पुढल्या वर्षी फायरिंगची नावे लिहून घेतली तेव्हा लाजेने मी हात वर केला नाही.

त्यानंतर आमच्या भागात घरे पत्र्याची झाली, आणि काही वर्षांनी त्याच पत्र्यांखाली क्लास सुरू झाले. मी बाविसाव्या वर्षी ‘सर’ झालो आणि तेव्हापासून दुसरे काही झालो नाही. खडू हातात असला की तीनशे मुलांपुढे बोलतो. खडू ठेवला की भाजीवाल्याला भाव विचारताना घाम फुटतो. लातुरात तर मला भाजी घेऊच देत नाहीत. ‘सर, तुम्ही कशाला, घरी पाठवतो,’ म्हणतात. मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी पाया पडायला येतात, त्यांचे आईवडीलही वाकतात. रेणापूरहून आलेल्या एका आजोबांनी माझ्या स्कूटरला हात लावून तो कपाळाला नेला होता. अशा मूर्तीला खेळ कसा खेळता येणार?

म्हणून मी नांदेड निवडले. तिथे क्लासची शाखा नवी होती. शुक्रवार-शनिवार शिकवायचे, रविवारी सकाळी मुलांची टेस्ट, आणि दुपारनंतर मी मोकळा. गावाबाहेर बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात हा खेळ चाले. ते आवार ज्यांचे होते त्यांना सगळे चाचा म्हणत. नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांचे तीन पिढ्यांचे स्टो, शेगड्या आणि कुकर दुरुस्तीचे दुकान होते. रविवारी ते आवाराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि पंचाचे काम करत, म्हणजे चहा पीत. मुखवटा घातल्यावर मला कोण ओळखणार, असा माझा हिशेब होता.

पहिले तीन रविवार मी भाड्याची स्प्रिंगची रायफल घेऊन खेळलो आणि दर डावात दोन-चार मिनिटांत बाद झालो. एक बारीक चणीची, हिरवा मुखवटा घालणारी मुलगी तर मला ठरवून टिपायची. तिसऱ्या रविवारी तिने मला तीनदा मारले. मी त्याचे खापर स्प्रिंगवर फोडले आणि हैदराबादच्या एका दुकानातून गॅसची रायफल मागवली. चौथ्या रविवारी ती बाहेर काढली तेव्हा सगळी मुले भोवती जमली. हे कसे चालते, असे कोणीतरी विचारले. मी समजावून सांगितले.

त्या दिवसापासून माझे नशीब फिरले. मला गोळा लागेना. मी चाप ओढला की समोरचा हात वर करायचा. ‘लागली!’ कधी दोघे एकदम. एकदा तर मी चुकून जमिनीत गोळा झाडला आणि पिंपामागून एक जण निमूट बाहेर आला. तो उसळून लागला असावा, असे मी टिपणात लिहिले. असे सात रविवार गेले. रायफल तक्त्यांच्या लांब पिशवीत घालून मी संध्याकाळच्या एस.टी.ने लातूरला परत निघायचो. ‘काय हाय ह्याच्यात?’ कंडक्टर विचारायचा. ‘तक्ते,’ मी म्हणायचो, आणि अहमदपूर येईपर्यंत मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवत बसायचो. शाळेच्या मैदानात राहिलेली गोष्ट मला येत होती तर. नुसती येत नव्हती, चांगली येत होती. टिपण मी त्याच दिवसांत लिहिले, म्हणजे रायफल घेऊन झाल्यावर.

मग ऊन वाढले आणि रायफलीतून गॅस गळू लागला. मी ती घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी गोळे आणि गॅस भरायचे मॅगझिन काढून कानाशी धरले, स्टोच्या पिनेने आतून काहीतरी उचकटले आणि एक चिरलेले रबरी कडे माझ्यापुढे टाकले.

“वायसर गेला. कुकरचा काय न् याचा काय, गॅस तिथूनच पळतो.” डब्यातून दुसरे कडे काढून ते बसवू लागले. “सर, येक बोलू का? राग नका मानू.”

मी दचकलो. “सर कशावरून म्हणालात?”

“आता ते सोडा की. अख्ख्या जिनिंगला ठाऊक हाय.”

“कधीपासून?”

“ही रायफल आनली त्या दिशी. तुम्ही समजावून सांगून राहिले होते पोरांना, बोल्ट कसा मागं येतो ते. शेवटी म्हनले, ‘आलं का लक्षात?’ माझ्या नातीनं तिथंच कपाळाला हात लावला. हिरवा मुखवटा हाय न्हाई का, ती. तुमच्याच क्लासात हाय.”

हे वाक्य मी दर दहा मिनिटांनी बोलतो, हे मला माहीत होते. त्याला चेहरा लागत नाही, हे माहीत नव्हते.

“तिनं तुम्हाला आधीच्या रविवारी तीनदा मारलं होतं,” चाचा म्हणाले, “आन् रायफल आनली त्या सकाळच्या टेस्टात तिचं फिजिक्स गेलं. मंग काय, पोरांत बोभाटा. सरांवर नेम धरला की फिजिक्स जातं. तवापासून कुनी मारत न्हाई तुम्हाला.”

“पण मी मारतो ते?”

चाचांनी वायसर अंगठ्याने दाबला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “पोरं मरून देतेत, सर. परीक्षा जवळ हाय. तुम्ही खूश असलेलं बरं, म्हनतेत.”

“सातही रविवार?”

“येक दोन लागले असतील. रायफल चांगली हाय.”

मी वर्षानुवर्षे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो: प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी त्या रविवारी दोन बदलल्या होत्या. रायफल बदलली आणि त्याच पाच मिनिटांत तोंड उघडले. बारावीच्या पोराने अशी चूक केली असती तर त्याला मी उभे केले असते. पण चुकीचे फार वाटले नाही. वाटले ते सात रविवारांचे. मला नेम येतो की नाही हे अजूनही कळलेले नव्हते, आणि आता ते कळण्याचा रस्ताच बंद होता. कारण ज्यांच्याशी खेळायचे ते मला देवळातल्या मूर्तीसारखे पुजत होते. मैदानात उभे राहून ‘मला मारा’ असे सांगणे माझ्याकडून होणार नव्हते. मी काय ते खडू हातात असतानाच बोलू शकतो.

तेव्हा शनिवारी मी वर्गात गेलो आणि फळ्यावर गणित लिहिले. ‘७८ किलो वस्तुमानाचा एक शिक्षक जिनिंगच्या आवारात पिंपामागे उभा आहे. वीस मीटरवरून त्याच्यावर गोळा झाडला जातो. हवेचा रोध नगण्य माना. आदर नगण्य माना. या क्रियेचा विद्यार्थ्याच्या फिजिक्सच्या गुणांशी काहीही संबंध नाही, हे सिद्ध करा.’

तीनशे मुलांनी ते वह्यांत उतरवून घेतले. मुलींच्या बाजूने कोणीतरी खुदकन हसले आणि तोंड दाबले. मग मागून एक प्रामाणिक आवाज आला, “सर, हे परीक्षेला येतंय का?”

“येतंय,” मी म्हणालो. “उद्या. प्रॅक्टिकलला.”

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट पोरे आली. ज्यांनी कधी बंदूक धरली नव्हती तीही भाड्याच्या स्प्रिंगा घेऊन उभी. पहिल्या डावात मी दोन मिनिटेही टिकलो नाही. मानेवर, अंगठ्यावर, आणि आणखी एके ठिकाणी लागले, ज्याचा उल्लेख मी वर्गातही टाळतो. मी ‘लागली’ म्हणून हात वर केला तरी मारा थांबेना. “सर, हात नीट दिसला न्हाई,” असे एक जण म्हणाला, आणि तो पूर्वी स्वखुशीने सर्वांत जास्त मेलेला पोरगा होता. दुसऱ्या डावातही तेच. गॅसच्या रायफलीचा उपयोग एवढाच झाला की ती जड असल्यामुळे मी पळू शकलो नाही.

तिसऱ्या डावात मी पोत्यांच्या मागे पालथा पडून राहिलो. बऱ्याच वेळाने बाभळीच्या बुंध्याआडून हिरवा मुखवटा दिसला, मग कोपर. मी श्वास रोखला, जिथे रोखायचा असतो तिथे. चाप ओढला. खांद्याला हिसका बसला, आणि गोळा तिच्या बाहीवर आपटून उडालेला मी डोळ्यांनी पाहिला.

हात वर झाला नाही. उलट तिकडून एक गोळा आला आणि पोत्यात घुसला.

मी उठून उभा राहिलो. “लागली!”

“न्हाई लागली.”

“बाहीला लागली. मी पाहिली.”

“पाल्याला लागली, सर. बाभळीच्या.”

“बाभळीचा पाला केवढा असतो? गोळा त्याला लागून परत येईल का? संवेग...”

“संवेग न्हाई न् काही न्हाई. मी खोटं बोलून राहिले का?”

“हो!”

हा ‘हो’ मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की आवारातले सगळे थांबले. तीही दोन पावले पुढे आली, मुखवटा कपाळावर चढवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुम्हाला लागलेलं आम्ही मोजलं का? मघाशी पिंपामागं तुमच्या बुटाला लागली तवा तुम्ही हात केला?”

ते खरे होते. मी म्हणालो, “बूट धरत नाहीत.”

“कुठं लिव्हलंय?”

मुले दोन्हीकडून ओरडू लागली. बहुतेक तिच्या बाजूने होती. आम्ही दोघे चाचांपुढे गेलो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, बाही तपासली, बाभळीकडे पाहिले, माझी रायफल हातात घेऊन उगाच आतबाहेर पाहिली.

“वायसर बरा बसलाय,” ते म्हणाले. “न्हाई लागली.”

“तुमची नात आहे म्हणून!”

“हाव,” चाचा म्हणाले. “जा, खेळा.”

टिपणात मी नंतर एक ओळ घातली आहे. जिंकण्यासाठी ही रायफल घेऊ नये, स्प्रिंगवाले जिंकतात. पण ज्याला तो एक हिसका हवा असेल आणि त्यापायी भांडायची तयारी असेल, त्याने जरूर घ्यावी. ती ओळ मला त्या क्षणी सुचलेली नव्हती. त्या क्षणी मला फक्त एवढे कळत होते की त्या मुलीने तीस पोरांदेखत मला फसवले आहे आणि मला ते सोडायचे नाही. मी तणतणत पोत्यांकडे परत गेलो, मॅगझिन काढले आणि गॅसचा डबा हलवला.

“सर, झालं का?” ती बाभळीमागून ओरडली.

“थांब, गॅस भरतोय!”

ती थांबली नाही.