नऊशे ओळी खोडणारा शिवानंद

शिवानंद मूळचा अक्कलकोटचा. सात रस्ता चौकाजवळच्या एका कंपनीत डिस्कचे ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यामधला निरोप्या. हे लिही, ते वाच, असे हुकूम पोचवणारा. नोकरी वर्षाच्या बोलीवर, त्यातले अकरा महिने सरलेले.

एका गिऱ्हाइकाची यंत्रं अधूनमधून गोठायला लागली, तेव्हा विभागप्रमुख अमृत सरांनी ते लचांड याच्याच गळ्यात घातलं. महिनाअखेर सुटलं नाही तर नारळ, हेही गोड शब्दांत सांगून ठेवलं. सर साहेब होते. गोड बोलणं त्यांना परवडत होतं.

शिवानंदने आठवडाभर डोकं घातलं. हुकमांची रांग ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः लावते, आणि नीट लावते. पण बारा वर्षांपूर्वी कुण्या शहाण्याने ड्रायव्हरातही आपली दुसरी रांग लावून ठेवली होती. एखादा हुकूम रखडला की सिस्टीम त्याला काढून टाकी. दुसऱ्या रांगेत मात्र तो मेलेल्या मतदारासारखा नांदत राही. असे बत्तीस साठले, म्हणजे रांग भरली, की ड्रायव्हरला वाटे, डिस्कला बिचारीला फार काम आहे. मग तो नवा हुकूम पुढे पाठवीच ना, आणि यंत्र गोठे. डिस्क माशा मारत बसलेली!

हे आजवर कुणाला दिसलं नव्हतं, असं मुळीच नाही. पण वरिष्ठांची ओळ खोडायची नाही, शेजारी आपली जोडायची, हा त्या कंपनीचा कुळाचार. आणि तो शहाणा म्हणजे खुद्द अमृत सर. दोन्ही रांगा जुळवायला तिसरी यादी ठेव, असा त्यांचा सल्लाही होता.

शिवानंदने दुसरी रांगच उपटली. नऊशे ओळी गेल्या, चाळीस आल्या. आज किती लिहिलंस, असं आईने, कमलम्माने विचारलं. खोडलं म्हटल्यावर ती म्हणाली, "खोडायचा बी पगार देत्यात व्हय रे?"

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पाहिलं. मग विचारलं,

"डिस्कने जागा नाही म्हटलं, तर हुकूम थांबणार कुठे?"

"सिस्टीमच्या रांगेत, सर. तीच परत पाठवते."

"आणि मोजणार कोण?"

"तीच. आपण मोजायचंच नाही."

मग शिवानंदने दोन दिवस यंत्रावर हुकमांचा भडिमार केला, काही मुद्दाम रखडवले. गोठेना. सरांनी मंजुरी देताना शेरा मारला, 'ही रांग काढावी, असं माझं पहिल्यापासून मत होतं.' शिवानंदने तो दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, सहमत.

नोकरी पक्की झाली. सर हल्ली नव्या मुलांना साधेपणावर तासभर व्याख्यान देतात.